शिमग्यानंतर अडवलेली वाट

माझा चुलतभाऊ मोरू मुंबईत एका गोदामाचा राखणदार होता. अकरा वर्षं तिथल्या चाव्या त्याच्या कमरेला होत्या आणि एवढ्या काळात एक पोतं इकडचं तिकडे झालं नाही. स्वभावाने इतका गरीब, की लाँचवर कुणी जागा मागितली तर हा रेवसपर्यंत उभा यायचा. अशा माणसाला सगळ्या मुंबईने गुंड म्हणून पाहिलं. त्या पापात माझा वाटा आहे, म्हणून मीच सांगतो.

सत्तावन्न साल. शिमगा होऊन आठवडा झाला होता, मोरूची सुट्टी अजून दोन दिवस होती. थळच्या रस्त्याने एक गाडी आमच्या गावात आली. आत कॅमेरा आणि टोपीवाले साहेब. दारूबंदी आल्यापासून मुंबईच्या गल्ल्यांत चोरट्या दारूच्या टोळ्या माजल्या होत्या, त्यांच्यावर ते माहितीपट काढत होते. टोळ्यांतल्या दादालोकांचं मूळ शोधायला खाडी ओलांडून आले होते. आम्हाला मात्र एवढंच म्हणाले, की मुंबईत राबणाऱ्यांची गावं दाखवायची आहेत. तुमचे तरुण एकत्र येऊन काय करतात, असं त्यांनी विचारलं. चार बुकं शिकल्याचा मला भारी तोरा. मीच पुढे होऊन पोस्ताचं सांगितलं.

आमच्याकडे शिमग्यात वाटेवर आडवा बांबू धरतात. येणाऱ्याला अडवायचं, त्याच्या नावाने गाणं म्हणायचं, त्याने आणा-दोन आणे पोस्त द्यायचं आणि आपण त्याच्या हातावर होळीत भाजलेलं खोबरं ठेवायचं. खोबरं दिल्याशिवाय बांबू उचलत नाहीत. साहेब खूश झाले. म्हणाले, आत्ताच करून दाखवा.

म्हातारे अंबाजीबाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "होळी निवली रं. आता वाट अडवाल तं तो दरोडा."

मी हसलो. मोरू कां कू करत होता, त्याच्या हातात बांबूचं एक टोक मीच दिलं आणि दुसरं मी धरलं. बाळाजीची बैलगाडी अडवली. साहेब म्हणाले, हसू नका, डोळे वटारा. मोरूला काही केल्या जमेना, तेव्हा डोळे वटारायलाही मीच शिकवलं. गाणं झालं, पोस्त झालं, आणि मोरूने खोबऱ्याला हात घातला तोच साहेब पुरे म्हणाले.

शिमगा गेला तरी कवित्व उरतं. गणपतीनंतर तो माहितीपट मुंबईच्या थिएटरांत खेळाआधी दाखवू लागले. पडद्यावर मोरूचा भलामोठा चेहरा, आणि हिंदीत आवाज, की गावात वाट अडवणारे हेच हात शहरात येऊन सुरा धरतात. मोरूच्या शेटने तो बायकामुलांसोबत पाहिला. दुसऱ्या दिवशी चाव्या मागून घेतल्या. तू चोर नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणाला, पण गिऱ्हाईकं विचारतात. मोरूने आणखी तीन-चार गोदामांत काम मागितलं, पण त्याला पाहताच लोक दार लावून घेत. काम द्यायला एकटा दारूचा दादा तयार होता. सिनेमा पाहून त्याने आपणहून निरोप धाडला. मोरू तडक लाँच धरून गावी आला.

आईला, म्हणजे ठमाकाकीला, त्याने सांगितलं की शेटची मर्जी फिरली. खरं काय ते मला सांगितलं आणि शपथ घातली. काकी अब्रूसाठी अन्न सोडणारी बाई.

माघात फिरत्या सिनेमाची गाडी आली. शाळेच्या पटांगणात पडदा लागला आणि नेमका तोच माहितीपट सुरू झाला. मोरू दिसताच सगळ्या गावाने टाळ्या पिटल्या. हिंदी कुणाला येत होतं? मोरू काकीशेजारी मान खाली घालून बसला होता.

काकीने मला विचारलं, "रघू, काय सांगतो रं तो मोरूबद्दल?"

"आपला शिमगा किती चांगला, ते सांगतो," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"मंग गानं का न्हाय आयकू आलं? नि खोबरं?"

रीळ संपलं असेल, असं मी म्हणालो. काकीचं समाधान झालं. डोळे पुसून ती मोरूकडे वळली.

"उद्याच्या लाँचनं मुंबईला जा. शेटला ह्यो शिनेमा दाव. म्हनावं, बघा कसला मानूस घालवलात. चाव्या परत देल तो."

मोरूने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर तो वाचला असता. मी पडद्याकडे तोंड फिरवलं.

"जातो, आये," तो म्हणाला.

सकाळी काकीने शेटसाठी खोबरं बांधून दिलं. महिन्याभरात मोरूची मनीऑर्डर आली, आणि शेटने सिनेमा पाहून चाव्या परत दिल्या असं काकी गावभर सांगत सुटली. मुंबईत मोरूला कामावर घेणारा माणूस एकच होता, ते मला ठाऊक होतं.