जिना दुकानातून होता

मास्तर कोट शिवायचे. त्यांचा कोट घातला की कारकून साहेब दिसतो आणि साहेब जावई दिसतो, असं गिऱ्हाईकं म्हणायची. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. कापडं कापायच्या लांब टेबलामागून लाकडी जिना वर जायचा. घरात शिरायला दुसरी वाट नव्हती.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी कापड कापता कापता त्यांच्या हातातून कात्री गळून पडली. अर्धा तास उजवा हात आपला नव्हताच. डॉक्टर म्हणाले, ही सूचना समजा. मास्तर तिथून घरी न जाता थेट वकिलाकडे गेले आणि मृत्युपत्र करायचंय म्हणाले.

मुलं दोन. मोठा मुलगा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोसोबत भाड्याच्या घरात. धाकटी मुलगी नवऱ्यानं सोडल्यापासून नऊ वर्षं माहेरी. तिनं काम शिकून घेतलं होतं, आता दुकान तिच्याच जिवावर चालायचं. मास्तरांनी सांगितलं, दुकान मुलीला, वरचं घर मुलाला. वकिलानं विचारलं, घर तुमच्या वडिलांचं, मग आणखी कुणी वारस? मास्तर म्हणाले, “एक भाऊ होता, तो गेला. मागे कुणी नाही.”

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावून घेतलं आणि कापायच्या टेबलावर कागद पसरून दोघांना मसुदा वाचून दाखवला. मुलगी हातातल्या कोटाची काजं करत ऐकत होती. वाचून झाल्यावर मुलानं टेबलामागच्या जिन्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, “जिना कुणाचा?”

मास्तर हसले. जिना काय, दोघांचाच.

“तसं लिहिलंय कुठे?”

लिहिलेलं नव्हतं. मुलीची सुई थांबली. दादाला वाटतं तरी काय, मी दाराला कुलूप लावीन? तो म्हणाला, प्रश्न आजचा नाही, उद्या दुकान तू कुणाला विकलंस तर? मग शब्दानं शब्द वाढत गेला. आईच्या दुखण्यात तू पाहुण्यासारखा यायचास, असं ती म्हणाली. या घरात मला पाहुणाच करून ठेवलंय, असं त्यानं ऐकवलं. शेवटी मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली. सख्खी बहीण असं करील हे तुझ्या डोक्यात आलं तरी कुठून, असं त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “ती करील असं मी म्हणत नाही, बाबा. पण या घरात हे एकदा झालंय. मी जिन्यावर उभा होतो.”

मुलीला काही कळेना. काकांना परगावी चांगली नोकरी लागली आणि ते आपल्याला विसरले, एवढंच तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं वडिलांना विचारलं, “दादा काय म्हणतोय?”

तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, तुला काय आठवणार, हे शब्द मास्तरांच्या अगदी ओठांवर आले होते. पण मुलगी टक लावून बघत होती. त्यांनी सांगितलं. वडील काहीही न लिहिता गेले. वरच्या दोन खोल्या, दोन भाऊ, दोन संसार, रोजची कटकट. धाकट्याची बायको गरोदर होती. एका संध्याकाळी ती दोघं डॉक्टरकडे गेली असताना मास्तरांनी दुकानाच्या दाराला आतून कडी लावली. भाऊ खूप वेळ दार वाजवत होता. दादा, ही बाहेर उभी आहे, असं दोनदा म्हणाला. मास्तरांनी दार उघडलं नाही. सकाळी त्याची ट्रंक रस्त्यावर नेऊन ठेवली. पुढे भाऊ गेल्याचं पत्र त्याच्या मुलीनं पाठवलं, त्याचं उत्तरही दिलं नाही.

“म्हणजे मागे कुणी नाही हे खोटं,” मुलगी म्हणाली. अर्धवट कोट टेबलावर ठेवून ती वर निघून गेली.

चार दिवस ती वेळेवर ताट वाढत होती, पण बोलत नव्हती. मुलाचा फोन नाही. मास्तर पुरते कात्रीत सापडले. त्यांनी वकिलाला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, इतक्या वर्षांत पुतणीनं काही मागितलेलं नाही, सही करून मोकळे व्हा.

“आणि मी गेल्यावर मागितलं तर?”

“तर मुलं बघतील.”

ते वाक्य मास्तरांच्या डोक्यातून जाईना. घरी येऊन त्यांनी जुन्या पत्रावरचा पत्ता शोधला आणि पुतणीला चार ओळी लिहिल्या.

तीन आठवड्यांनी ती आली. पस्तिशीची बाई, उंबऱ्याबाहेरच थांबली. मुलीनं दोनदा ये म्हटल्यावर आत आली. मुलगाही आलेला होता. मास्तर काही बोलू लागले तशी तिनं त्यांना थांबवलं.

“मला भांडायचं नाही आणि माफही करायचं नाही. बाबांची खोली होती ती मला हवी.”

खोली जाणार होती ती मुलाच्या वाट्यातून. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं विचारलं, कुठली? रस्त्याकडची, ती म्हणाली. तीच उजेडाची, तीच मोठी. मुलानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि ठीक आहे म्हणाला.

बोलणं सोपं होतं. त्याच्या बायकोनं पुढे कितीतरी महिने या घराची पायरी चढली नाही. खरं बोललो आणि खोली गमावली, असं तो एकदा वडिलांना म्हणाला.

मृत्युपत्राऐवजी वाटणीपत्र झालं, मास्तर हयात असतानाच. दुकान मुलीचं, वरची पुढची खोली पुतणीची, मागची मुलाची. बाजूच्या बोळातून लोखंडी जिना चढवला आणि आतला काढून टाकला. मोकळ्या झालेल्या जागेत मुलीनं तिसरं मशीन मांडलं, मागे पार्टिशन घालून ती तिथेच राहायला लागली. मास्तर मुलाच्या खोलीत. लोखंडी जिना त्यांना जड जायचा, तीन ठिकाणी थांबत चढायचे. सुट्टीच्या दिवशी मुलगा यायचा, त्यांना धरून खाली आणायचा. बहीण-भाऊ आधी कामापुरतं बोलायचे, मग हळूहळू एकमेकांची टिंगलही करायला लागले.

पुतणीनं खोली दोन नर्सना भाड्यानं दिली. वर्षातून दोनदा यायची, खाली मुलीबरोबर चहा घ्यायची. मास्तरांशी तिचं बोलणं “बरं आहे ना” याच्या पुढे कधी गेलं नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. त्या दिवशी पुतणी आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. माणसं पांगल्यावर नर्स म्हणाल्या, नळ गळतोय. तेव्हा ती आणि मुलगा पाना घेऊन वर गेले.