आठ नसलेली संख्या

थांब गं, फोन ठेवू नकोस. घाईघाईत फोन करतेस, "आण्णा कसे आहेत?" विचारतेस, मी "बरे आहेत" म्हटलं की ठेवून देतेस. बापाची चौकशी अशी करतात होय? आज सगळं ऐकायचं.

तुझ्या आण्णांची ती लाडकी संख्या तुला ठाऊकच आहे. एकपासून नऊपर्यंत आकडे ओळीनं लिहायचे, फक्त आठ गाळायचा. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. समोरच्याला आवडता आकडा विचारायचा, त्याला नवानं गुणायचं, आणि जे येईल त्यानं या संख्येला. द्वारका चौकात भाजीचा टेम्पो अडकला की शेजारच्या ड्रायव्हरलासुद्धा सोडायचे नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मेथीच्या जुड्या बांधता बांधता मलाच विचारलं, "कुठला आकडा आवडतो?"

"सात."

"सातच का?"

"तेवढ्या भाकरी खाता तुम्ही, म्हणून!"

हसले, आणि बांधावरच्या मातीत काडीनं गुणाकार मांडला. सात नवे त्रेसष्ट. त्रेसष्टानं गुणलं तर खाली नुसते सातच सात, नऊ वेळा. "घे, मोज भाकरी!" चौथी शिकलेली मी, तिथंच आकड्यांच्या नादी लागले. नंतर गुपचूप आठ घालूनही करून पाहिलं, तर सातांच्या रांगेत मध्येच शून्य घुसलं. तो आठ नाही म्हणून तर ती रांग लागते.

आता अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. आतमध्ये काय कळतंय, काय नाही, डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येतात. परवा त्यांनी पाटी दिली, "आजोबा, एक ते नऊ लिहा." डाव्या हातानं, वाकडं का होईना, लिहिलं. सातनंतर थेट नऊ!

मॅडम म्हणाल्या, "आठ राहिला. होतं असं."

"अहो, राहिला नाही, त्यांनी सोडलाय!" मी ओरडलेच. त्रेसष्टानं गुणून सातांची रांग त्यांच्यासमोर धरली. हसले गं! अर्ध्या तोंडानं, पण हसले. मी त्या दिवशी शिरा केला.

काल मॅडमनी पुन्हा लिहायला सांगितलं. आठ नव्हता. पाचही नव्हता.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आणि ते हसणं म्हणशील, तर हल्ली कुकरची शिट्टी झाली तरी ते हसतात.

परवाचा तो आठ त्यांनी सोडला की त्यांच्याकडून सुटला? मला कळत नाही, बाई. गुणाकार चुकला तर मी पुन्हा मांडते, पण इथं काय मांडू? ते समोर बसलेले असतात, आणि मला विचारता येत नाही.

तू ये. दोन दिवस त्यांच्याजवळ बस, तुझ्या डोळ्यांनी बघ. रविवारची वाट बघू नकोस, लवकर ये.