हाताची चेष्टा

त्या मार्गशीर्षात मी देवाशी अबोला धरला होता. रोज फूल वाहायची, निरांजन लावायची, पण ते सुनेचं काम म्हणून. मनातून एक शब्द बोलायची नाही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, चाळीस वर्षं दत्ताची पूजा केल्याशिवाय पाणी प्यायले नव्हते, आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला तो पूजा करतानाच. गंधाची वाटी उचलायला गेले आणि तिथेच कलंडले. उजवं अंग गेलं. दरबारच्या दफ्तरात मोडी लिहिण्यात ज्या हाताची हयात गेली, तो हात रजईवर कुणाचा तरी विसरलेला पडून राहावा तसा पडून राहिला. समोर बसलेल्याच माणसाचा हात काढून घेणारा हा कसला देव, असं मला वाटे, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी.

घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि माझे यजमान जमीनमोजणीच्या कामावर श्योपूरकडे. महिन्यातून एकदा घरी यायचे. मी एकोणीस वर्षांची, वाईकडची, लष्कर शहरात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. माहेरी मी महा वात्रट म्हणून प्रसिद्ध होते. निघताना आईने बजावलं होतं, "पोरीच्या जिभेला हाड नाही असं सासरी कुणी म्हणता कामा नये." म्हणून दोन वर्षं मामंजींपुढे डोक्यावर पदर घेऊन 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत आले होते. आता तर तेही बंद झालं. दोन महिन्यांत मामंजींची जीभ बरीच सुटली होती, पण बोलायची इच्छाच उरली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोन घास खाल्ले तर खाल्ले. एकदा फक्त म्हणाले, "बस झालं आता. मला ठेवू नका." मी परसात जाऊन रडले.

इस्पितळात तेव्हा एक बंगाली डॉक्टरबाबू नवे आले होते. लुळ्या अंगाला मालिश आणि कसरत देण्याचं शिक्षण ते कलकत्त्याला घेऊन आले होते. त्यांच्याबरोबर एक सिस्टर असे; ती रोग्याला पुन्हा जेवायला, गुंडी लावायला शिकवी. यजमान जाण्यापूर्वी त्यांच्याकडे अर्ज देऊन गेले होते. एका गुरुवारी इस्पितळाचा चपराशी चिठ्ठी घेऊन आला: पुढच्या गुरुवारी दोघं घरी येऊन रोग्याला पाहतील. हातात थोडी जरी हालचाल दिसली तरी दर आठवड्याला येत राहतील. काहीच नसेल, तर नाइलाज आहे. त्याआधी घरात काय तयारी करायची ते बाबूंनी खाली स्वतःच्या हाताने, हिंदीत लिहिलं होतं.

माझी हिंदी म्हणजे भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती. पण अक्षरं तर आपलीच. लावून लावून वाचलं आणि कामाला लागले. झोळ पडलेली खाट काढून लाकडी तख्त घातलं. दारापासून तख्तापर्यंतच्या वाटेतली पेटी आणि पाट हलवले. बाड्यावरच्या बाजारातून जाड दोर आणून, धरून उठता यावं म्हणून तख्ताच्या पायगतीला बांधला. बोटं दाबायला परातीत वाळू हवी होती, ती चाळून, धुऊन उन्हात वाळवली. मग लिहिलं होतं की रोगी ज्या वस्तू रोज हाताळत असे, त्या जवळ ठेवाव्यात. मी एका ताटात बोरू ठेवला, दौत ठेवली, अडकित्ता, तपकिरीची डबी, गंधाची वाटी, जानव्याला बांधायचे ती कपाटाची किल्ली. माणसाचं अख्खं आयुष्य एका ताटात मावलं. मामंजींनी ते एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेवटची ओळ मात्र मी चार वेळा वाचली. "रोगी के दाहिने हाथ की चेष्टा प्रतिदिन अवश्य हो।" रोज चेष्टा झालीच पाहिजे! शेजारच्या पंडिताइनला विचारावं म्हटलं, तर ती माझ्या हिंदीला हसायची. आणि यात विचारायचं तरी काय? शब्द चांगला मराठीच होता. मनात आलं, एवढा शिकलेला माणूस, रोग्याला हसवायचंच औषध देत असेल. पण सासऱ्यांची चेष्टा सुनेने करायची? दोन दिवस धीरच झाला नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचलं, आणि जीव भांड्यात पडला. चेष्टा मामंजींची नव्हे, हाताची करायची होती.

मग मी मामंजींकडे न बघता थेट हातालाच म्हटलं, "काय जावईबापू, मुक्काम बराच लांबला! दसरा झाला, दिवाळी झाली, उठायचं नाव नाही. आयतं तेल लावून घ्यायचं आणि लोळायचं." मामंजींनी भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पण रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी धिटावले. म्हटलं, "डावे भाऊजी बघा, पेला उचलतात, माशी हाकतात. यांना मात्र आळशाला गंगा दूर!" मामंजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. तिसऱ्या दिवशी तेल लावायला उशीर झाला, तर ते स्वतःच म्हणाले, "आज जावयाची चौकशी नाही?" त्या दिवशी त्यांनी पोटभर वरणभात खाल्ला.

बुधवार उजाडला तरी हात मात्र ढिम्म होता. उद्या ती दोघं येणार, हात बघणार आणि निघून जाणार. ताटातल्या वस्तू पुसता पुसता मी बोलत होते, खरं म्हणजे रडू लपवण्यासाठीच. "जावईबापू, उद्या पाहुणे येतील. तुम्ही असेच पडून राहिलात तर ते आल्या पावली परत जातील. मग बसा जन्मभर. दत्ताला गंध मीच लावत जाईन, वेडंवाकडं, भुवईवर."

"भुवईवर नाही गं, पागल!" मामंजी एकदम म्हणाले. "असं…"

आणि उजव्या हाताची दोन बोटं रजईवरून उचलली गेली, गंधाचं बोट ओढावं तशी थोडी वर सरकली आणि खाली आली.

आम्ही दोघं त्या बोटांकडे बघत राहिलो. मामंजींनी विचारलं, "हे मी केलं?" मी मान हलवली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा, तरी नाही. संध्याकाळी दिवा लावताना एकदा जमलं. मी देवघरात जाऊन बसले, पण काय बोलावं ते कळेना. नुसती बसून राहिले.

गुरुवारी बाबू आणि सिस्टर आले. बाबूंनी तख्त पाहिलं, दोर ओढून पाहिला, खूश झाले. मग हात हातात घेऊन मला म्हणाले, "चेष्टा रोज़ हुई?"

"हाँ जी," मी म्हटलं. "बहुत की."

"कैसे करती थीं?"

खोटं कसं बोलू? खाली मान घालून मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: जावईबापू, डावे भाऊजी, आळशाची गंगा. सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. बाबू मात्र चकित झाले. मग सावकाश म्हणाले, "बेटी, चेष्टा माने कोशिश. हम लिखे थे कि रोगी हाथ हिलाने की कोशिश करे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दोन वर्षं सांभाळलेली जीभ, आणि सुटली ती सासऱ्यांवर! तेवढ्यात मामंजी जड जिभेने म्हणाले, "डॉक्टरसाहब, आपकी चेष्टा भी करेंगे. पर हमारी सूनबाई की चेष्टा बंद मत कीजिए." आणि त्यांनी बोटं उचलून दाखवली.

बाबूंनी ती बोटं दोन्ही हातांत धरली. "हाथ तो शायद पहले से तैयार था," ते म्हणाले. "आदमी तैयार नहीं था."

पुढे होळीपर्यंत ती दोघं दर गुरुवारी येत राहिली. मोडीचं ते मोत्यासारखं वळण काही परत आलं नाही. पण गंधाची वाटी हातात आली. मामंजी आणखी सहा वर्षं जगले, आणि माझ्या मुलीला उष्टावणाचा पहिला घास त्यांनी त्याच हाताने भरवला. हात कापत होता, निम्मी खीर तिच्या गालाला लागली, आणि ते म्हणाले, "बघ गं, जावई कामाला लागला!"

लोक याला योगायोग म्हणतील. म्हणोत, मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्याजवळ तेव्हा भक्ती नव्हती, शहाणपण नव्हतं, भाषासुद्धा नव्हती. होती ती एक वात्रट जीभ, जिची मला स्वतःलाच लाज वाटायची. ज्याला काम करून घ्यायचं होतं, त्याने तीच घेतली. तेव्हापासून मी देवापुढे बसते तेव्हा शब्द निवडत नाही. जे तोंडाला येईल ते बोलते. त्याचा काय अर्थ लावायचा ते त्याचं तो बघतो.