मामंजी आणि सुपरहिरो

अर्धांगवायूच्या झटक्यातून मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण जीभ जड झाली ती झालीच. डॉक्टर सांगत होते, त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेही बोलणं जाईल. उभं आयुष्य तालमीत पोरांवर ओरडलेले मामंजी आता मानेनंच हो-नाही सांगायचे. तालमीतली जुनी मंडळी दारात आली की मला हातानं खुणावायचे, झोपलेत म्हणून सांग. मी तसं सांगायचे आणि मनातून चिडायचे.

त्यांना बोलतं करायचे माझे सगळे उपाय फसले. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते; प्रश्न विचारला की उत्तर येतं, ही माझी भाबडी समजूत. शेवटी नाद सोडला आणि शाळेतून आल्यावर स्वतःच्या करमणुकीसाठी टीव्हीवर सुपरहिरोची एक मालिका लावून बसू लागले. मामंजी शेजारच्या कॉटवर पडलेले असायचे. एका भागात नायकानं अख्खी बस डोक्यावर उचलली, आणि कॉटवरून आवाज आला.

"ह्यो... खातोय काय?"

इतक्या दिवसांनी ऐकलेलं ते पहिलं सबंध वाक्य. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याच्या अंगात किरण शिरलेत, खाण्याचा काय संबंध? मामंजी भडकलेच. अडखळत, टॉवेलनं तोंड पुसत त्यांनी मला सुनावलं, की दूध-तूप-बदामाचा खुराक नाही, जोर-बैठका नाहीत, डोक्यावर वस्ताद नाही. ताकद आली असेल, पण ती पेलायची कशी हे याला शिकवलं कोणी? विज्ञानाची बाई असून मी ते किरण मुकाट्यानं गिळले होते. यांनी पहिल्याच झटक्यात खोट काढली.

मग रोजच आमची जुंपू लागली. मला नायक आवडायचा, मामंजींना खलनायक, कारण तो समोरून आव्हान देऊन लढायचा. नायकानं एकदा खाली पडलेल्याला गुद्दा घातला, तेव्हापासून तो त्यांच्या मनातून उतरला. एका भागात त्याचा खांदा निखळला आणि पुढच्या भागात तोच हात वर करून तो उडाला. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मामंजींनी मात्र मला तो प्रसंग मागे घेऊन दाखवायला लावला. माणसाच्या अंगाकडे इतक्या बारकाईनं बघणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. बोलण्याची लाज ते भांडणाच्या भरात विसरून जायचे.

शेवटी शेवटी नायकाची शक्ती जाते आणि तो खोलीत कोंडून घेतो. मला ते अगदी पटलं, डोळेही भरून आले. मामंजींनी मान हलवली.

"चूक हाय. ताकद गेली म्हणून... तोंड लपवायचं? लिवणाऱ्यानं गड्याची माती केली."

मला तोंड आवरत नाही. "मग तुम्ही काय करताय?" मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवलेही नाहीत. पुढचे काही दिवस घरात मालिका नाही आणि त्यांचा आवाजही नाही. इतक्या कष्टानं मिळवलेलं मी एका वाक्यात घालवलं, या विचारानं मला शाळेत फळ्यापुढं उभं राहवेना.

रविवारी तालमीतली मंडळी पुन्हा आली. मी दारातच नेहमीचं सांगायला लागले, तर आतून आवाज आला, "घे की त्यास्नी आत."

मामंजी कॉटवर उठून बसले होते आणि एका हातानं सदऱ्याची बटणं लावत होते. मंडळी आत येऊन समोर उभी राहिली. मामंजींनी एकेकाकडे नीट बघितलं.

"बोलाय... येळ लागतोय मला," ते म्हणाले. "थांबशिला न्हवं?"

त्यांच्यातल्या सगळ्यात थोराड पैलवानानं डोळे पुसले आणि फरशीवर मांडी ठोकली. "रोजच येत हुतो की थांबाय," तो म्हणाला. "दारातनं परत जात हुतो."