मिस्त्रीकाकांचं भांडणाशी भांडण

आमच्या राजुरीत एकही भांडण न करता म्हातारा झालेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मी मिस्त्रीकाका. तरुणपणी ते धमतरीकडून पाण्याची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला इकडे आले आणि काकूंसकट इथलेच झाले. धर्मानं ख्रिस्ती, त्यातले मेनोनाइट. आल्या आल्या त्यांनी एका शेतकऱ्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "त्या कंपनीचं इंजिन आमच्याकडं न्हाई बघा. स्पेअर पार्ट तरी मिळत्यात का?" काकांनी समजावलं, की ही ख्रिस्ती लोकांचीच एक जुनी शाखा, आम्ही हत्यार उचलत नाही, शपथ घेत नाही, कुणी मारलं तरी उलटून मारत नाही. शेतकऱ्यानं बराच विचार केला आणि विचारलं, "मंग बांधाचं कसं करता राव?"

भांडण दिसलं की काका वाट वाकडी करून तिकडे जायचे. एकदा आळेफाट्याच्या स्टँडवर दोन गडी एसटीतल्या जागेवरून एकमेकांच्या कॉलरला भिडले होते. काका मधे शिरले, एकाच्या हातात ग्रीसनं माखलेला पिस्टन दिला, दुसऱ्याच्या हातात हत्यारांची जड पिशवी. "जरा धरा हो," म्हणाले आणि खाली बसून सावकाश बुटाची नाडी बांधू लागले. आधी डाव्या, मग उजव्या. हातात पिस्टन धरून शिवी देता येते, पण तिला जोर येत नाही. तेवढ्यात एसटी निघून गेली आणि दोघांनी मिळून काकांवर राग काढला. काका खूष! एकी झाली होती ना.

जुन्नरच्या कोर्टात त्यांना एका मारामारीचे साक्षीदार म्हणून नेलं, तेव्हा तर गंमतच झाली. शपथ घ्या म्हटल्यावर म्हणाले, "साहेब, मी घरी पण खरंच बोलतो. इथे वेगळं काय बोलू?" न्यायाधीश हसले आणि शपथेऐवजी नुसत्या प्रतिज्ञेवर भागवलं. मग काकांनी इतकं खरं सांगितलं, की त्यांना घेऊन आलेल्या वकिलानं कपाळाला हात लावला. पहिला हात त्यांच्याच अशिलानं उचलला होता.

अशा माणसाचा थोरला मुलगा पोलिसात भरती झाला. काकांनी अडवलं नाही, पण तो ड्यूटीवरून आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "आज कुणाला मारलं तर नाहीस?" बापाच्या हाताखाली इंजिनं शिकलेला धाकटा एकदा चारचौघांत भावाला म्हणाला, "आपल्या बापाची मान खाली घातलीस तू." थोरल्यानं त्याला ढकललं, धाकट्यानं थोबाडीत दिली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. थोरला नारायणगावला बिऱ्हाड करून राहिला. दुसऱ्यांची भांडणं सोडवणारे काका अंगणात तासन् तास तोच एक नट घासत बसायचे. काकू मला म्हणायच्या, "जेवण जात नाही रे त्यांना."

शेवटी एका रविवारी त्यांनी दोघांना, एकमेकांना कळू न देता, बोलावून घेतलं. घमेलं भरून कोमट पाणी आणायला मला सांगितलं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुवायची रीत होती. आमच्याकडे बाप पाय धुतो ते जावयाचे, तेही लग्नात, त्यामुळे काका गुडघे कटाकटा वाजवत मुलांपुढे बसले तेव्हा माझाच जीव कासावीस झाला. वर्दीतला थोरला घाबरून उठायला लागला. "पापा, काय करताय?"

"बूट काढ. गप बस."

काकांनी त्याचा पाय पाण्यात घेतला आणि तळव्यावरून हात फिरवला. थोरल्याला गुदगुल्या फार. त्यानं ओठ दाबले, डोळे मिटले, खाकीतलं ते धिप्पाड अंग थरथरायला लागलं, आणि मग तो असा काही खिंकाळला की कोंबड्या उडाल्या. धाकटा दाराशी तोंड फिरवून उभा होता, त्यालाही हसू आवरेना. हसता हसता थोरला कधी रडायला लागला ते कळलं नाही. धाकट्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खाली बसून भावाचे पाय पुसले. थोरला म्हणाला, "पापा, नोकरी सोडू?"

"नोकरी मला पसंत नाही," काका म्हणाले. "मुलगा पसंत आहे. दुसरा पाय दे."

पुढच्या उन्हाळ्यात काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. शवपेटी दोघा भावांनी पुढून धरली. माती द्यायला अख्खी आळी आली होती. बांधाचं विचारणारा शेतकरीही आला होता, आता काठी टेकत. "लई गरीब माणूस व्हता," एवढंच म्हणाला आणि मूठभर माती टाकून बाजूला झाला.

आठवड्यानं पलीकडून मोठमोठे आवाज आले म्हणून मी धावत गेलो. भाऊ पुन्हा हमरीतुमरीवर आले होते. आई कुणाकडे राहणार यावरून! थोरला म्हणे नारायणगावला, धाकटा म्हणे हे घर सोडून ती जाणार नाही. मी मधे पडायला पुढे झालो, तर काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "थोडं ऐकू दे मला."