साहेबाची बाधा

मला मार्गासनीहून भोरला मामाच्या घरी ठेवलं, ते इंग्रजी शिकायला. तिथं एका मास्तरांनी भाड्याच्या खोलीत वर्ग काढला होता. वर्गात मराठी बोलायला बंदी. जो चुकेल त्याच्या गळ्यात सुतळीत ओवलेली लाकडी चकती यायची. त्यानं दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडलं, की चकती त्याच्या गळ्यात. वर्ग सुटताना ती ज्याच्याकडे असेल, त्याच्या तळहातावर छड्या.

त्यामुळे आम्ही एकमेकांवर टपून असायचो. शेजारचा मुद्दाम चिमटा काढायचा, मी "आयो!" ओरडावं म्हणून. मी मुळातच भित्रा, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तोंडात आलेला शब्द गिळायचा, त्याचं इंग्रजी शोधायचं, सापडलं नाही तर गप्प. पुढे पुढे मामाकडे भाकरी मागतानासुद्धा आधी इंग्रजी शब्द शोधायला लागलो.

दिवाळीला गावी आलो तो हिवताप घेऊनच. तापात मी काय बरळलो, मला ठाऊक नाही. आईनं मात्र ऐकलं आणि वडिलांना हाक मारली.

"अवो, ह्यो आपला न्हाई बोलत. दुसरंच कोन तरी बोलतंय."

दुपारी वडिलांनी देवऋषी आणला. कपाळाला अंगारा लावून त्यानं दरडावलं, "कोन हायेस तू? कुठनं आलास?"

मला उत्तर द्यायचं होतं. पण मोठं माणूस डोळे वटारून प्रश्न विचारतंय म्हटल्यावर मला मास्तरच दिसले. तोंडातून निघालं, "नो सर. प्लीज सर."

देवऋषी स्वतःच मागे सरकला. मग घाम पुसून म्हणाला, "सायेब हाय. भोरकडच्या धरनाच्या कामावर मेला आसंल. डागल्याबिगार जायाचा न्हाई."

विळा चुलीत गेला. तो लाल होताना मी बघत होतो. मराठीत बोललो तर सुटेन, हे मला कळत होतं. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथंच अडायचे. वडिलांनी माझे पाय धरले. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. विळ्याची धग पोटाला लागली तसा मी किंचाळलो, "आये! म्या हाय गं, म्याच हाय!"

आईनं असा हिसडा दिला की विळा देवऋष्याच्या हातातून उडाला. "माजं लेकरू हाय! सोडा त्येला!" तिनं मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघंही रडलो. देवऋषी मुकाट्यानं गेला असता तर बरं झालं असतं. पण जाता जाता म्हणाला, "गेला सायेब. पर जपा, परत येतोय त्यो."

ते आईच्या मनात बसलं. वडिलांनी शाळा काही सोडू दिली नाही. पोरगं कचेरीत चिकटेल, ही त्यांची आशा. मग आई दर सुट्टीला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. "आदी बोल." मी म्हणायचो, "आये, म्या आलोय. लई भूक लागलीय." ती कान देऊन ऐकायची, मग तुकडा ओवाळून टाकायची आणि आत घ्यायची. मला हसू यायचं.

मॅट्रिक झालो, पुण्यात नोकरीला लागलो. पुष्कळ महिन्यांनी घरी आलो, तर ती उंबऱ्यात होतीच.

"बोल."

"आई, मी आलो आहे. फार भूक लागली आहे."

पुण्याचं बोलणं आपसूकच तोंडातून निघालं. ती दारातून हलली नाही. मी घाईघाईनं गावचं बोलायला गेलो, पण ते माझं मलाच नक्कल केल्यासारखं वाटलं. तिलाही कळलं. तिनं तुकडा ओवाळला नाही, तसाच मुठीत धरून ठेवला.

"आजून बोल," ती म्हणाली. "माजाच हायेस न्हवं? आजून बोल, बाबा."