नऊ दहाचा फोन

“आलं नाही, की पाठवलं नाही?”

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या ऑफिसातून फोन जायचा आणि पलीकडच्या आईला किंवा बापाला नमस्काराच्या आधी हा प्रश्न ऐकावा लागायचा. मराठी घर असेल तर मराठीत, गुजराती असेल तर हिंदीत, बाकी सगळ्यांना अकोल्याच्या इंग्रजीत. मूल तापाने फणफणलं असेल तर ते आलं नाही. पण स्वस्त तिकिटं मिळाली म्हणून तुम्ही सुट्टीआधीच फ्लोरिडाला निघाला असाल, तर तुम्ही पाठवलं नाही. हा फरक कबूल केल्याशिवाय ऑफिस सांभाळणाऱ्या काकू फोन ठेवत नसत.

त्यांना सगळेच काकू म्हणायचे. अमेरिकन मुलं ‘मिस काकू’ म्हणत आणि आमच्या गोऱ्या प्रिन्सिपलबाईही तेच म्हणत.

आमचं गाव न्यू जर्सीतलं, आयसेलिनच्या देशी दुकानांपासून गाडीने अर्ध्या तासावर. एक गाव, एक शाळा आणि त्या एका शाळेचा स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारं मंडळ. मी त्या डिस्ट्रिक्टचा टेक्नॉलॉजी कोऑर्डिनेटर. हुद्दा भारदस्त, काम प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्याचं. माझं टेबल काकूंच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे आठ वर्षं नऊ दहाचा फोन मी रोज ऐकला.

त्या आठ वर्षांत मी एकच पराक्रम केला. गैरहजर मुलांच्या घरी आपोआप फोन करणारी यंत्रणा बसवली. पहिल्या चाचणीत माझं बटण चुकलं आणि एका गोड आवाजाच्या बाईने गावातल्या झाडून सगळ्या पालकांना कळवलं, की तुमचं मूल शाळेत पोहोचलेलं नाही. दहा मिनिटांत पार्किंग लॉट भरला. एक आजोबा घरातल्या सपाता घालूनच आले होते. काकूंनी एकेका वर्गाचं दार उघडून प्रत्येकाला आपापलं मूल दाखवलं, सगळ्यांना वाटेला लावलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

“अरे, तुझी बाई बोलते छान. पण ऐकते का?”

यंत्रणा त्या दिवसापासून बंद.

ऐकणं म्हणजे काय, ते मला पुढच्याच हिवाळ्यात कळलं. दुसरीतली एक मुलगी आली नव्हती. काकूंनी फोन लावला, तो तिनेच उचलला आणि सांगितलं की आई किचनमध्ये खाली झोपली आहे. काकूंनी मला हाताने खूण केली. मी दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली. ती पोहोचेपर्यंत काकू त्या मुलीला तिच्या मांजराबद्दल विचारत राहिल्या, आवाजात जराही कंप नाही. ती आई आज ठणठणीत आहे आणि पालकसभेत कडाकडा भांडते.

मग राज्याचं ते विधेयक आलं. छोटे छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र करता येतील का, याचा अभ्यास करायचा. ऑफिस सगळ्यांचं मिळून एक, तेही तीन गावं पलीकडे, आणि गैरहजेरीचे फोन मशीन करणार. जो तो म्हणे, घाबरू नका, नुसता अभ्यास आहे. काकूंचं मत वेगळं होतं.

“निकाल ठरवलेला असला ना, की लोक फार मन लावून अभ्यास करतात,” त्या म्हणाल्या.

विधेयकावर सुनावणी होती. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा हाफ डे घेतला आणि मला गाडी काढायला लावली. मंचावर आमदारांच्या समितीच्या पाच खुर्च्या, पाच नावाच्या पाट्या आणि माणसं दोन. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. काकू माइकपाशी गेल्या, चष्मा लावला आणि शांतपणे पाट्यांवरून हजेरी घेतली. मग अध्यक्षांना इंग्रजीत विचारलं, की हे तिघं आले नाहीत, की यांना कोणी पाठवलं नाही? सभागृह हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला, पहिल्या गैरहजर आमदाराच्या ऑफिसचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन माइकला टेकवला.

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एक दाबा, दोन दाबा. मग संगीत. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुमचा वेळ जातोय. काकू म्हणाल्या, जाऊ दे, मी धरून आहे. तीन मिनिटं पूर्ण झाली, लाल दिवा लागला, संगीत चालूच.

“आमच्या मुलांच्या आयांना तुम्ही हे देणार आहात,” एवढंच बोलून त्या खाली आल्या.

मला त्यांचा त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या डिग्रीचाही कधी वाटला नाही.

विधेयक अर्थात पास झालं. तुम्ही अशा सुनावण्या पाहिल्या असतील तर तुम्हाला नवल वाटणार नाही. पुढच्याच आठवड्यात काकू पुन्हा नऊ दहाला फोनवर होत्या.

गेल्या जानेवारीत एका सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी दिसली. बर्फ नव्हतं, निरोप नव्हता. नऊ दहा झाले तसा मी त्यांच्या घरी फोन लावला. काकांनी उचलला.

“काका, आल्या नाहीत, की पाठवलं नाही?”

काका म्हणाले, “ती पडलीय रे. बोलत नाहीये. अँब्युलन्स येतेय.”

पक्षाघात. जीव वाचला, वाचा गेली. महिन्याभराने मुलीने दोघांना पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला आपल्या घरी नेलं. परत येईल हळूहळू, असं डॉक्टर वाचेबद्दल म्हणतात. मी ते काकूंबद्दलही धरून चाललो आहे.

अभ्यासवाल्यांचा फॉर्म मार्चमध्ये आला. प्रत्येक पदापुढे दोन चौकोन: भरलेलं, रिकामं. रिकामी पदं आधी जाणार हे न कळायला मी काही खुळा नाही. काकूंच्या पदापुढे मी पेनाने तिसरा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि लिहिलं, ‘गैरहजर’. फॉर्म परत आला. मी पुन्हा तसाच पाठवला. आता तिसऱ्यांदा आलाय, आणि माझ्याकडे पेनं भरपूर आहेत.

यंत्रणा चालू करा असंही पत्र आहे. ते प्रिंटरमध्ये अडकलं.

नऊ दहाचे फोन आता मी करतो. पण त्यातला पहिला फोन फ्रीमाँटला. तिकडे तेव्हा सहा दहा झालेले असतात. काका म्हणतात, ती सहापासून उठून बसलेली असते. ते फोन काकूंच्या कानाला लावतात आणि मी त्या दिवशीच्या गैरहजर मुलांची नावं वाचतो. हे कुठल्याही नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. काकू काही बोलत नाहीत. पण यादी संपेपर्यंत त्या काकांना फोन काढू देत नाहीत.